भाकरी थापणाऱ्या हातावरचं सर्किट

हा खटखटाट मागाचा आहे. बेळगावच्या वडगावात शूट करायचं म्हटलं की माग ऐकू येणारच, म्हणून आम्ही तो काढत बसलो नाही. आणि हा हात आजीचा, भाकरी थापतीय. मनगटाच्या वर पारदर्शक पट्टी दिसतीय ना, तिच्यात सर्किट आहे.

अजून जवळून बघा. तांब्याची तार सरळ नाहीच, नागमोडी गेलीय. सगळी गंमत इथंच हाय. सिलिकॉनची चिप टक्काभर ताणली तरी तडकते, आणि आपली कातडी सांध्यापाशी ३० टक्क्यांपर्यंत ताणली जाते, मग ताणला जाणारा धातू कुठनं आणायचा? आणलाच नाही, तारेलाच वळणं दिली. हात वाकला की वळण उघडतं, सरळ झाला की परत मिटतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या टीमनं २०११ मधे असल्याच वळणांवर टॅटूसारखं चिकटणारं सर्किट करून दाखवलं होतं.

ही आजीची नात, इंजिनिअरिंगला आहे. दोन डब्यांतलं सिलिकॉन रबर (चिपमधल्या कडक सिलिकॉनपेक्षा हे वेगळं, मऊ) समसमान घेऊन ढवळतीय, ताटलीत ओततीय, बुडबुडे वर येईपर्यंत वाट बघतीय, मग चार तास ताटलीला हात लावायचा नाही. पहिल्या तीन पट्ट्या गेल्या. ही तिसरी. वळणं शाबूत आहेत, तुटलंय ते कडक चिप आणि मऊ रबर भेटतात तिथं, सोल्डरच्या जोडापाशी. मग तिनं जोडाखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा घातला, आणि आता बघा, दोन्हीकडनं ओढतीय, पट्टीवरचा दिवा चालूच.

बॅटरीपण नाही. टॅप करायच्या एटीएम कार्डासारखं, फोन जवळ नेला की त्याच्याच लहरींवर चिप जागी होते आणि कातडीचं तापमान सांगते, ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, तापाच्या आकड्यापेक्षा कमीच असतंय ते.

रॉजर्स यांच्याच टीमनं २०१९ मधे कमी दिवसांच्या बाळांसाठी अशा दोन पट्ट्या केल्या, एक छातीला, एक पायाला, वीज गादीखालच्या अँटेनातून. वायरींचं जाळं नाही, म्हणून आई बाळाला उचलून छातीशी धरू शकते.

आपल्या खानापूर, चिकोडीच्या दवाखान्यांत हे कधी येणार, आकडे बघणार कोण, ते अजून लांब आहे.

"आंघोळीला काढायचं काय गं हे?"

"नको आजी, असू दे."

आजीनं पिठाचा हात तसाच नळाखाली धरला.