पंख्यावरचं नाव

[पडद्यावर: वर्गाचं छत, बंद पंखा]

लाइट गेलीय म्हणून वाचता येतंय. एका पात्यावर 'कै.', दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. पंखा चालू असला की यातलं काही दिसत नाही, नुसतं लाल वर्तुळ फिरतं. आपल्याकडे शाळेला दिलेल्या वस्तूवर नाव असतंच, घड्याळ, कपाट, पाण्याची टाकी, बाकडी, मी शिकलो त्या शाळेत तर घंटेवरपण होतं.

यात वाईट काही नाही हो. माणूस गेला, घरच्यांना वाटलं पोरांना वारा मिळावा, दिला पंखा. पण आजचा व्हिडिओ ज्या देणगीवर नाव लिहायला जागाच नसते तिच्यावर आहे. आधी माझीच फजिती सांगतो.

आमच्या ऑफिसचा एक ग्रुप आहे, दर जूनमध्ये वर्गणी काढून कुठल्यातरी झेडपीच्या शाळेत वह्या वाटतो. एका वर्षी गेलो, दोन खोके वह्या, बॅनर, सगळ्यांचे सारखे टी-शर्ट. पोरं रांगेत उभी, आम्ही वही द्यायची, पोरानं ती छातीशी धरायची, फोटो. एका पोरीला म्हटलं, काय गं, वही आवडली का? तर ती म्हणे हो, पण मागच्या आठवड्यातल्या वहीवर मोर होता. मागच्या आठवड्यातल्या?! मग कळलं की आमच्या आधी दोन ग्रुप येऊन गेले होते. हेडमास्तर फार सज्जन माणूस, काही बोलले नाहीत, चहा पाजला, आणि आम्ही गाडीत बसता बसता हळूच म्हणाले, पुढच्या वेळी जमलं तर मुलींच्या बाथरूमच्या नळाचं बघा ना, दोन महिने झाले पाणी येत नाही, मोठ्या पोरी दुपारनंतर घरी जातात त्या परत येत नाहीत.

ते वाक्य डोक्यात बसलं. आम्ही शिक्षणासाठी देणगी दिली होती आणि शिक्षण अडलं होतं नळाच्या तोटीपाशी.

[पडद्यावर: रस्ता, दोन्हीकडे साग, मग धानाची शेतं]

नागपूरहून निघालो, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. बातम्यांमधली गडचिरोली तुम्हाला माहिती आहे, ती आज बाजूला ठेवू. १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग इथे आले, 'सर्च' नावाची संस्था काढली. नागपूरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि मग इकडे. त्यांनी आल्या आल्या मोठं हॉस्पिटल बांधलं नाही, आधी मोजायला घेतलं. गावागावात मूल कधी जन्मलं, कधी गेलं, कशानं गेलं. ऐकायला अगदी रटाळ काम वाटतं, आणि मोजणीवर पाटी तरी कुठे लावणार!

मोजल्यावर जे दिसलं ते असं, की बाळं जातात ती बरीचशी पहिल्या २८ दिवसांत जातात, आणि जातात घरातच. बाळंतपण घरी, दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि बाळंतीण सव्वा महिना खोलीतून बाहेर पडायची नाही ही रीत. म्हणजे हॉस्पिटल कितीही चकाचक बांधा, बाळ तिथे पोचणारच नाही. मग काय करायचं, तर हॉस्पिटलच बाळाच्या खोलीत न्यायचं.

[पडद्यावर: बाजेवर ठेवलेली पिशवी, एकेक वस्तू बाहेर]

ही पिशवी नीट बघा. झोळी लावलेला वजनकाटा, थर्मामीटर, तोंडातला चिकटा ओढायची नळी, श्वास न घेणाऱ्या बाळासाठी हातानं दाबायची पिशवी आणि मास्क, बाळाला गुंडाळून ठेवायची उबदार झबल्यासारखी बॅग, औषधाची बाटली, सिरिंज. ही जिच्या खांद्यावर असते ती गावातलीच बाई, शाळा झालेली जेमतेम पाचवी ते दहावी, तिला म्हणायचं आरोग्यदूत. बाळ जन्मलं की ती हजर, आणि मग ठरलेल्या दिवशी परत परत घरी जाऊन बघणार, दूध ओढतंय का, अंग गार पडलंय का, रडणं बारीक झालंय का.

याच्या आधीच्या न्यूमोनियाच्या कामातली एक वस्तू तर मला भारीच आवडते. न्यूमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त झाले की धोका, त्याहून मोठ्या तान्ह्या बाळाचे ५०. पण गावच्या सुईणीला एवढे आकडे मोजता येत नव्हते. मग एक लाकडी यंत्र केलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेवर मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात की न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. वीज नको, बॅटरी नको, लिहितावाचता यायला नको. सुईण मांडी घालून बसलीय, एक डोळा बाळाच्या पोटावर, एक हात मण्यांवर, आणि खोलीत सगळे गप्प, असं चित्र डोळ्यासमोर आणा.

आता पैशाकडे येतो. १९९३ ते ९८ या काळात ३९ गावांत हे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम केलं आणि शेजारच्या ४७ गावांत केलं नाही, तिथे सरकारी सेवा होत्या तशाच चालू, आणि दोन्हीकडचे मृत्यू मोजत राहिले. खर्चाला मॅकआर्थर फाउंडेशन आणि फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन संस्थांची मदत होती, म्हणजे देणगीच. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. शेवटच्या वर्षी, ९७-९८ मध्ये, न केलेल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे साधारण ६० नवजात बाळं जात होती, केलेल्या गावांत साधारण २५. दोन्हीकडचे सुरुवातीचे आकडेही धरून तुलना केली की घट ६२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मरणाचं प्रमाण शेकडा १६ च्या वर होतं ते ३ च्या खाली आलं.

आणि खर्च? एका बाळामागे ५.३ डॉलर. तेव्हाचा डॉलर चाळीसच्या आसपास धरा, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये. त्याच शोधनिबंधात दिलंय की काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. गुणाकार तुम्हीच करा, चार हजारांच्याही आत येतो. मी हा हिशोब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा शेजारी आमच्या टी-शर्टांचं बिल पडलं होतं, तो आकडा सांगत नाही.

एक गोष्ट खटकते, ती पण बोलून टाकतो. त्या ४७ गावांचं काय? तिथली बाळं जात होती आणि कुणीतरी ते वहीत लिहून ठेवत होतं. मला याचं उत्तर सोपं वाटत नाही. तुलनेला गावं नसती तर दिल्लीत कुणी विश्वास ठेवला नसता हे खरं, आणि त्या गावातल्या एखाद्या आईला हे सांगून समाधान होणार नाही हेही खरंच. दुसरीकडे, तज्ज्ञ लोक नाराज होते ते वेगळ्याच कारणानं, सातवी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन देता म्हणजे काय! पण आकडे समोर होते.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं हे घरी जाऊन बाळ बघणं आशांच्या कामात घेतलं. आज तुमच्या गावची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीपण, आणि सगळ्या भेटी पूर्ण केल्या की तिला २५० रुपये मिळतात. अडीचशे! सहा-सात खेपांचे, उन्हापावसात. इंजेक्शनचा भाग मात्र गडचिरोलीत होता तसा तिच्या हातात आला नाही. तरी बघा, कुठल्या तरी परदेशी फाउंडेशनचा एक चेक, तो ३९ गावांत झिरपला आणि तिथून अख्ख्या देशाच्या योजनेत गेला. सरकार नवीन गोष्टीवर सहसा पहिला रुपया लावत नाही, फसलं तर उत्तर कोण देणार? तो फसू शकणारा पहिला रुपया देणगीतून येतो. मला विचाराल तर देणगीचं खरं काम हेच, आणि आपण ती वापरतो पंखे घ्यायला.

[पडद्यावर: आलापल्लीच्या पुढचा रस्ता, जंगल दाट होत जातं]

आता त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आलापल्लीवरून पुढे साठेक किलोमीटर, भामरागड तालुका, हेमलकसा. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या इथे जवळच भेटतात. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, मग डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथेच राहिले. तेव्हा धड रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात जगाशी संबंध तुटलेला, आणि इथले माडिया गोंड लोक यांना बघून जंगलात पळायचे. बरोबरच आहे म्हणा, बाहेरून येणारा माणूस आजवर काही द्यायला आलाच नव्हता.

इथला क्रम लक्षात घ्या. १९७५ मध्ये 'स्विसएड' या स्वित्झर्लंडच्या संस्थेच्या मदतीनं छोटा दवाखाना उभा राहिला आणि १९७६ मध्ये शाळा. दवाखाना आधी, शाळा मग. मलेरियानं फणफणलेलं पोर बरं होऊन घरी गेलं की त्या गावाला कळायचं की ही माणसं बरी आहेत, आणि मग, तेही खूप घासाघीस करून, एखादा बाप पोराला शाळेत ठेवायला तयार व्हायचा. कारण पोर शाळेत गेलं की घरची गुरं कोण वळणार, धाकट्याला कोण सांभाळणार, आणि शाळेत बोलतात ती मराठी, घरी बोलतात माडिया, पोराला कळणार काय? पहिल्या वर्षांत पोरं रात्री पळून घरी जायची, जंगलातून, कित्येक किलोमीटर चालत. आज इथून शिकलेल्यांमध्ये डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, पोलिसात आहेत.

दवाखाना आणि शाळा एकाच आवारात आहेत, याचं महत्त्व आपल्याला शहरात कळत नाही. आपण हेल्थला वेगळं डोनेशन देतो, एज्युकेशनला वेगळं, दोन फॉर्म, दोन पावत्या. पोराचं तसं नसतं, त्याला ताप आला की त्याची शाळा बुडते, रक्त कमी असलं की ते बाकावर डोकं टेकवून झोपतं आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही याचं.

याचं एक फार गाजलेलं उदाहरण आफ्रिकेतलं आहे. केनियातल्या बुसिया भागात १९९८ पासून एका डच देणगीदार संस्थेनं ७५ शाळांत टप्प्याटप्प्यानं पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या, आणि एडवर्ड मिगेल व मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी हजेरी मोजली. गैरहजेरी जवळपास पाव भागानं कमी झाली असं त्यांना दिसलं. परीक्षेतले मार्क मात्र वाढले नाहीत, तेही त्यांनी तसंच लिहिलं, आणि पुढे या आकड्यांवरून तज्ज्ञांमध्ये चांगलीच जुंपली. क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांच्यासोबत नोबेल मिळालं. आपल्याकडे २०१५ पासून फेब्रुवारीत शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिवस असतो, ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडेझोल, चावून खायची. मार्क न वाढण्याचं मला फारसं नवल वाटत नाही. गोळीनं पोर वर्गापर्यंत आलं, आता वर्गात शिकवणारं कुणी हवं ना.

[पडद्यावर: ऑफिस, पावत्यांची फाइल]

आणि नेमकं तिथेच आपली गाडी अडते. देणगी देताना प्रत्येक जण विचारतो, ॲडमिन खर्च किती टक्के? पगारावर किती जातात? जणू पगार म्हणजे चोरी. अहो, आरोग्यदूताचं मानधन हाच तो कार्यक्रम आहे, तिला शिकवणारी ट्रेनर आणि तिची वही तपासणारा सुपरवायझर हाच कार्यक्रम आहे, गोळी तर रुपया-दोन रुपयांत येते. संस्थेचा हिशोब जरूर मागा, ऑडिट मागा, पैसे खाणारे आहेतच, पण 'माझे पैसे फक्त वस्तूंवर खर्च करा' म्हटलं की संस्था बिचारी वस्तूच घेते. मग स्टोअररूममध्ये वजनकाटे पडून राहतात, बॉक्स न फोडलेले, आणि वजन करायला बाई नसते.

[पडद्यावर: मोबाइलची स्क्रीन]

यंदा मेमध्येच मी त्या हेडमास्तरांना फोन केला. म्हटलं सर, वह्या नकोत ना? ते हसले. नळाचं काम ग्रामपंचायतीनं शेवटी केलं म्हणे. मग म्हणाले, खरं सांगू का, तिसरी-चौथीतली दहा-बारा पोरं वाचायला अडखळतात, गावात एक बारावी झालेली सूनबाई आहे, शाळा सुटल्यावर रोज तासभर बसायला तयार आहे, तिला महिन्याला काही मानधन देता आलं तर बघा, वर्षभर तरी.

मी जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. अर्धा तास कुणी काही बोललं नाही, सगळ्यांच्या निळ्या टिका झालेल्या. मग अकाउंट्समधल्या एकाचा मेसेज आला: चालेल, पण बॅनर कुठे लावायचा?

त्याच्याखाली अजून एक: ताईंना महिना किती द्यायचे ते विचार, माझे दोन महिन्यांचे धर.

[पडद्यावर: वर्ग. लाइट येते, पंखा फिरायला लागतो.]