घोड्याच्या पायावरची खपली: औषधाआधी हात फिरवा

तुम्ही सगळे रोज खरारा करता. मानेवर, पाठीवर, मांडीवर हात निवांत फिरतो, आणि गुडघ्याच्या खाली आलं की घाई सुरू होते. आज मला बोलायचंय ते त्या घाईत राहून जाणाऱ्या जागेबद्दल. खुराच्या लगेच वर, पायाच्या मागच्या अंगाला जो खोलगा असतो, ज्याला आपण पास्टर्न म्हणतो, तिथं बोटांची टोकं केसांच्या उलट दिशेनं फिरवा. निरोगी कातडी मऊ, कोरडी आणि गार लागते. बिघाड सुरू झाला असेल तर केसांच्या मुळाशी वाळूचे दाणे अडकल्यासारखं खरखरीत लागतं, आणि त्याच क्षणी घोडा पाय जरासा आखडून घेतो. या वेळी डोळ्यांना काहीही दिसत नसतं. पुढे आठवडाभरानं जे दिसतं, ती खपली.

खपली दिसली की पुष्कळ ठिकाणी एकच निदान होतं, मड फीवर, म्हणजे चिखलातल्या ओलीनं होणारा कातडीचा आजार, आणि एकच उपाय होतो, पाय धुणं. मला यातल्या दोन्ही गोष्टींची भीती वाटते. पायावर खपली आणणारे आजार अनेक आहेत. त्यांतल्या काहींना धुण्यानं बरं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि एक-दोन आजार असे आहेत की ज्यांत पायावर काहीही चोळत बसलात तरी खरा रोग आत यकृतात वाढत राहतो.

आधी सगळ्यांत जास्त दिसणारा आजार, हा मड फीवरच घेऊ. चिखलात उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात, ते आपण पाहिलेलं असतं. घोड्याच्या पायाची पहिली अवस्था तशीच असते. कातडी सतत ओली राहिली की फुगते, मऊ पडते, चिखलातल्या बारीक खड्यांनी घासली जाते. त्या भेगांतून जंतू आत शिरतात. त्यांतला मुख्य जंतू डर्माटोफिलस काँगोलेन्सिस. 1915 साली बेल्जियन काँगोतल्या गुरांमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं, म्हणून नावात काँगो. सूक्ष्मदर्शकाखाली तो आगगाडीच्या रुळांसारखा दिसतो, गोल ठिपक्यांच्या समांतर ओळी. त्याचा स्वभाव लक्षात ठेवा. कोरड्या, धड कातडीत त्याला शिरता येत नाही. वाळलेल्या खपलीत तो महिनोन् महिने पडून राहतो, आणि पाणी लागलं की त्यातून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. म्हणजे आपण ज्या पाण्यानं पाय 'स्वच्छ' करतो, त्याच पाण्याची तो वाट बघत असतो.

अशी एक खपली जवळून पाहा. आधीच मऊ होऊन सुटत आलेली खपली चिमटीत धरून उचलली की तिच्यासोबत केसांचा पुंजका येतो, रंगाच्या ब्रशासारखा उभा. खपलीची खालची बाजू वाटीसारखी खोलगट असते, तिथं पिवळट-हिरवट चिकट पू असतो. कातडीवर उरते ती गुलाबी, ओली, अतिशय दुखरी जागा. हे एकदा नीट पाहिलं की घासणीनं पाय घासणं म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही.

आता उपचार. पायाचे केस लांब असतील तर ते कातरून घ्या, नाहीतर औषध कातडीपर्यंत पोचतच नाही. दुखऱ्या पायाला हात लावू न देणारा घोडा लाथ मारतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. अशा वेळी जबरदस्ती करू नका, पशुवैद्यकाकडून त्याला शांत करणारं इंजेक्शन देऊन घ्या. मग कोमट पाणी आणि 2 ते 4 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू. फेस हलक्या हातानं लावायचा आणि 10 मिनिटं तसाच ठेवायचा. ही 10 मिनिटं बहुतेक जण पाळत नाहीत. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो आणि खपल्याही तेवढ्यात मऊ होतात. ज्या आपोआप सुटतील त्या काढा, धरून बसलेल्या उद्यावर सोडा. नंतर फेस पूर्ण धुऊन टाकून पाय टिपून कोरडा करायचा. चोळायचा नाही, टिपायचा, आणि प्रत्येक पायाला वेगळं फडकं. कोरडा झाल्यावर पशुवैद्यकानं सांगितलं असेल तर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, पातळ थरात. सुरुवातीला हे रोज करा, खपल्या धरायच्या थांबल्या की दिवसाआड, मग त्याहून कमी. सुटलेल्या खपल्या तिथंच टाकू नका, गोळा करून नष्ट करा. हातमोजे घाला, कारण हा जंतू क्वचित माणसालाही होतो.

या सगळ्यापेक्षा मोलाची गोष्ट एकच, घोडा कोरड्या जागी उभा राहिला पाहिजे. उत्तम शाम्पू वापरून घोडा पुन्हा ओल्या गवतात सोडला, तर ती मेहनत वाया गेली. निरोगी घोडा चिखलातून आला की लगेच पाइपच्या पाण्याचा जोरदार फवारा मारायची सवयही सोडा. चिखल वाळू द्या, मग मऊ ब्रशानं झटका. धुवावंच लागलं तर पुरतं कोरडं करूनच घोडा जागेवर बांधा. आणि जखम कितीही क्षुल्लक वाटली तरी धनुर्वाताची लस चालू आहे ना, ते तपासा. धनुर्वाताच्या विषाला घोडा फार लवकर बळी पडतो.

असं सगळं दोन आठवडे मनापासून करूनही पाय सुधारत नसेल, तर औषध बदलू नका, निदान बदलून पाहा. हे मी माझ्या चुकीतून सांगतोय. पायावर लांब केसांची दाट झालर असलेला, भारी हाडाचा एक घोडा मी तीन आठवडे जंतूंचा रोगी समजून धूत होतो. त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, हा रात्रभर पाय आपटतो." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. रात्री पाय आपटणं, एका पायानं दुसरा पाय खाजवणं, दातांनी झालर चावणं ही खरजेची लक्षणं आहेत. कोरिऑप्टिस नावाचा बारीक किडा कातडीच्या वरच राहतो, कातडीचा कोंडा खातो आणि थंडीत वाढतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा ते किडे चालताना दिसले. तीन आठवडे त्या जनावराला झोप नव्हती आणि उत्तर पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभं होतं. तेव्हापासून मी आधी मोतद्दाराशी बोलतो, मग पाय उचलतो.

हा किडा वरवर राहत असल्यामुळे तोंडावाटे दिलेल्या आयव्हरमेक्टिन या किडेनाशक औषधावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, औषध कातडीवरच लावावं लागतं. चुना-गंधकाचं द्रावण जुनं आहे, वास उग्र आहे, पण ते काम करतं. किड्याचं एक चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं, म्हणून एकदा लावून भागत नाही. तो अंगाबाहेरही काही आठवडे जगतो, तेव्हा सोबतच्या सगळ्या घोड्यांना औषध लावायचं आणि अंथरूण, ब्रश, पट्टे सगळंच साफ करायचं.

यानंतरची खूण रंगाची. चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या घोड्याला आपण कौतुकानं पंचकल्याणी म्हणतो. त्या पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य तिच्यात नसतं. पांढरा पाय बिघडलाय, काळा पाय ठणठणीत आहे आणि बिघाडाची सीमा बरोबर रंगाच्या सीमेवर थांबलीय, असं दिसलं तर चिखलाकडे नाही, उन्हाकडे बघा. कधी हा रक्तवाहिन्यांचा दाह असतो. त्यात खपल्या घट्ट, पाय सुजलेला आणि खाजेपेक्षा वेदना फार. अशा वेळी ऊन टाळावं लागतं, आणि पशुवैद्यक बहुधा स्टेरॉइड देतात.

आणि कधी यकृत बिघडलेलं असतं. घोडा हिरवं गवत खातो, त्यातल्या हरितद्रव्यापासून आतड्यात फायलोएरिथ्रिन नावाचा पदार्थ तयार होतो. निरोगी यकृत तो पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत थकलं की तो रक्तात साचतो, कातडीपर्यंत पोचतो, आणि तिथं ऊन पडलं की कातडी भाजते. म्हणून नाकावरचा पांढरा पट्टाही सोलवटलेला दिसला, घोडा मलूल असला, वजन उतरत असलं, तर मलम बाजूला ठेवा आणि रक्त तपासायला द्या. कुरणात कुठली विषारी झाडं उगवलीत, तेही त्याच दिवशी चालून पाहा.

गजकर्णाबद्दल थोडक्यात सांगतो. ते पायावर कमी आणि खोगीर-पट्ट्याखाली जास्त दिसतं. गोल चट्टे, केस गेलेले, आणि माणसाला सहज लागणारं. शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन यांसारख्या भारी जातींत पायाची कातडी जाड होऊन तिच्या वळ्या पडतात, गाठी येतात. ती लसिकावाहिन्यांची हळूहळू वाढणारी व्याधी आहे. ती पूर्ण बरी होत नाही, पण केस कातरून, किडे आणि जंतू आवरून, रोज चालवून घोड्याचं जगणं पुष्कळ सुसह्य करता येतं.

एका गोष्टीला मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. सकाळी पाय खांबासारखा सुजलेला, हाताला गरम, घोडा टेकवायला तयार नाही आणि ताप 38.5 अंश सेल्सिअसच्या वर, असं असेल तर जंतू खपलीतून खोल उतरलेत. तेव्हा घरगुती काही करत बसू नका, पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा. उशीर झाला तर सूज कायमची राहू शकते.

मागून एक प्रश्न आलाय, तेल किंवा व्हॅसलीन लावावं का? खपली असलेल्या, ओलसर पायावर अजिबात नाही. ओल आत कोंडते, आणि जंतूला तेच हवं असतं. पाय बरा आहे, स्वच्छ आहे, पूर्ण कोरडा आहे आणि घोडा तासाभरासाठी पाण्या-चिखलात जाणार आहे, तर पातळ थर चालेल. परत आल्यावर तो पुसून काढा, आणि पुसताना पास्टर्नच्या मागे बोटं उलटी फिरवा.