प्रथिनांचा शेजार ओळखणारं रसायन

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, बर्फात रोवलेल्या नळ्या]

फ्रिजमधून काढलेली ही बाटली लगेच उघडत नाहीत. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ देतात. गार असताना उघडली, तर हवेतला दमटपणा भुकटीवर बसतो आणि तिचा गुण जातो. हे आहे डीएसएस, प्रथिनं एकमेकांना जोडणारं रसायन. अशा रसायनांना क्रॉसलिंकर म्हणतात.

डीएसएसचा रेणू म्हणजे दोन्ही टोकांना आकडे असलेली आखूड दोरी. आकडे अडकतात ते मुख्यतः प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला, त्याच्यावरच्या अमाइन या नायट्रोजनच्या गटाला. दोरीची लांबी ११.४ अँगस्ट्रॉम, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून किंचित जास्त. दुसरं लायसिन टप्प्यात असेल तरच दुसरा आकडा लागतो. म्हणूनच जोड बसला, की ती दोन प्रथिनं एकमेकांना खेटून होती हे कळतं.

१९७० साली डेव्हिस आणि जॉर्ज स्टार्क यांनी याच गुणाचा सुरेख उपयोग केला. अल्डोलेज हे विकर किती घटकांचं? त्यांनी त्यात डायमिथिल सुबेरिमिडेट हा क्रॉसलिंकर मिसळला, मग एसडीएस या साबणासारख्या रसायनाने प्रथिन उलगडून, आकारानुसार प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर सोडलं. सुटे घटक खाली उतरले. दोन, तीन, चार जोडलेले क्रमाने वर राहिले. चार पट्टे, चार घटक. इतका अवघड प्रश्न नुसते पट्टे मोजून सुटावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

[दृश्य: निळे पट्टे उमटलेलं जेल]

खरी कसोटी बफरची, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणाची. ट्रिस बफर बहुतेक लॅबमध्ये हाताशी असतो, पण त्याच्याही रेणूवर अमाइन आहे. आकडे तिथेच अडकून संपतात. म्हणून प्रथिन आधी फॉस्फेट किंवा हेपीस बफरमध्ये घेतात. पाणीही आकडे निकामी करतं. पीएच ८.६ असेल, तर ४ अंश सेल्सिअसलाही निम्मे आकडे दहाएक मिनिटांत जातात. काम झालं, की मात्र तोच ट्रिस मुद्दाम घालतात, प्रक्रिया थांबवायला.

मात्रा जास्त झाली तर योगायोगाने जवळ आलेली प्रथिनंही बांधली जातात आणि सगळा गठ्ठा जेलच्या तोंडाशीच अडकतो. त्यामुळे मात्रा थोडी थोडी वाढवत न्यावी लागते, आणि क्रॉसलिंकर न घातलेलं प्रथिन शेजारच्या खणात हवंच. जोड नेमका कुठे बसला हे शोधायचं, तर ट्रिप्सिन या प्रथिन कापणाऱ्या विकराने प्रथिनाचे तुकडे करून ते मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात घालतात.