भट्टीपुढे कोण उभं राहतं

मंडळी, मधोमध भोक असलेला पाव म्हणजे बेगल, एवढं आता पुण्या-मुंबईतही माहीत झालंय. पण तो आधी पाण्यात उकळतात आणि मग भाजतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि त्याची सगळी चव तिथेच ठरते. उकळत्या पाण्यात बाहेरच्या थरातलं पिष्ट शिजतं, त्याची साल धरते. मग भट्टीत तो मोकळा फुगू शकत नाही. आतून घट्ट राहतो, वरून चकाकतो, आणि खाताना दातांना काम पडतं. ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची रीत. पोलंडमधल्या क्राको शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख आहे.

मला बोलायचंय ते कॅनडातल्या माँट्रियल शहराबद्दल. तिथे माईल एंड नावाची जुनी वस्ती आहे. इसाडोर श्लाफमन यांनी १९१९ मध्ये या शहरात बेगलची बेकरी काढली. १९४९ मध्ये ती फेअरमाउंट रस्त्यावर आली आणि आजही त्याच घराण्याकडे आहे. चालत काही मिनिटांवर दुसरी बेकरी, सां व्हियातर, १९५७ ची. ती काढणाऱ्यांपैकी मायर लेव्कोविच हे नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून वाचलेले.

इथलं काम बघत राहावं असं असतं. मैद्यात माल्ट आणि अंडं असतं, मीठ नसतं. मळलेल्या गोळ्याची वळी काढायची, हाताभोवती गुंडाळायची, तळव्याखाली दाबून टोकं जुळवायची. मग मध घातलेल्या पाण्यात उकळायचं, तीळ नाहीतर खसखस लावायची आणि लांब, अरुंद लाकडी फळीवरून लाकडाच्या भट्टीत सरकवायचं. भट्टीची धग सगळीकडे सारखी नसते, म्हणून भाजणारा माणूस सतत फळी आत घालून बेगल उलटत, हलवत असतो. कुठला झाला, कुठला राहिला, हे तो रंगावरून ओळखतो. न्यूयॉर्कच्या मानाने हा बेगल लहान आणि गोडसर.

न्यूयॉर्कचा विषय निघालाच आहे, तर तिथली दुकानंही समजून घ्या. ज्यू धर्मनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली मटणाच्या रश्शात दुधा-दह्याऐवजी नारळाचं दूध घालतात, त्यामागेही हाच नियम आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यामुळे दुकानंच वेगळी झाली. 'डेली' म्हणतात ती दुकानं मांसाची, तर खारवलेले, धुरी दिलेले मासे आणि चीज यांचं दुकान निराळं. ह्यूस्टन रस्त्यावरचं १९१४ पासूनचं 'रस अँड डॉटर्स' हे दुसऱ्या प्रकारचं. मासा दुधाबरोबर चालतो, म्हणून बेगल, क्रीम चीज आणि साल्मन यांची जोडी जमली.

त्या शहरात बेगल करणाऱ्यांची मोठी वजनदार कामगार संघटना होती, लोकल ३३८. सभासद तीनेकशे, आणि नवा सभासद बहुधा जुन्याचाच मुलगा किंवा पुतण्या. पगार चांगला, शिस्त कडक. पण १९६० च्या दशकात डॅनियल थॉम्पसन यांचं बेगल वळणारं यंत्र आलं, लेंडर या बेकरीवाल्या कुटुंबाने ते वापरून गोठवलेले बेगल देशभर पोचवले, आणि दशकभरात संघटनेचा जोर संपला. यंत्र आलंच असतं, ते मला मान्य आहे. तरीही वाटतं, कला घरातच कोंडल्यामुळे तिच्या बाजूने उभं राहायला बाहेरचं कुणी उरलं नाही.

सां व्हियातरमध्ये उलट घडलं. इटालियन घरातला ज्यो मोरेना हा मुलगा किशोरवयातच तिथे कामाला लागला. वळायला शिकला, भाजायला शिकला, पुढे भागीदार झाला, आणि शेवटी दुकान त्याच्याकडे आलं. ज्यूंच्या हातची रीत इटालियन हातांनी तशीच चालवली, रात्रंदिवस. हे मला फार मोलाचं वाटतं. लेव्कोविच यांनी जे भोगलं होतं, त्यानंतर परक्याच्या पोराला भट्टीपुढे उभं करून आपलं सगळं शिकवणं, याला मोठं मन लागतं.

अलीकडे वस्ती बदलली, घरं महागली, आणि लाकडाच्या धुराबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. तक्रारी खऱ्या आहेत. धूर फुप्फुसांना वाईटच. धुराड्याला गाळणी बसवण्याचा खर्च बेकऱ्यांनी करायलाच हवा. पण भट्टी मोडून तिथे गॅस आणा, असं कुणी म्हणालं तर मी विरोध करीन. तो पुढे सरकणारा, मागे राहणारा, रंगावरून ओळखायचा बेगल त्या लाकडाच्या असमान धगीतूनच येतो, आणि तो भाजायला शिकलेली माणसं आज तिथे कामाला आहेत.