शाकारणीच्या गवताचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायचं म्हणजे काय, हे कोकणातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. गवताच्या पेंढ्या वळचणीपासून आढ्यापर्यंत एकीवर एक बसवायच्या, घट्ट बांधायच्या, मग कितीही कोसळू दे. आज ज्या इंग्रजी आडनावाबद्दल बोलणार आहे, ते याच गवतातून उगवलंय. थॅकरे.

‘थॅक’ म्हणजे शाकारायचं गवत, लव्हाळी. मागचा ‘रे’ म्हणजे कोपरा. मूळ शब्द ‘व्रा’, त्यातला ‘व’ पुढे गळून पडला. दोन्ही शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या बोलीतले. 866 साली त्यांनी इंग्लंडातलं यॉर्क घेतलं, वस्ती केली, आणि त्यांचे शब्द यॉर्कशरच्या गावांना चिकटून राहिले.

हॅरोगेट गावाजवळ, वॉशबर्न नदीच्या खोऱ्यात, अशा लव्हाळ्यांच्या कोपऱ्याला थॅकरे म्हणत. तिथून उठून दुसरीकडे गेलेला माणूस ‘थॅकरेचा अमुक’ झाला. आपल्याकडे ‘कर’ लागतो, तसंच. आज मात्र ती जागा बघायला मिळणार नाही. लीड्स शहराला पाणी हवं होतं, म्हणून तिथे फ्यूस्टनचा तलाव बांधला. 1879 मध्ये तो पुरा झाला, आणि थॅकरे पाण्याखाली गेलं. धरणात गाव गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

गाव गेलं, पण आडनाव आधीच चहूकडे पांगलं होतं. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू येईल तसं वहीत उतरायचं: थॅक्रे, थॅकरा, थॅकरी. कामगारांना त्यांच्या धंद्यामुळे कोणते आजार जडतात, यावर 1831 मध्ये लिहिणारे लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर, ते थॅकरा.

हॅरोगेटजवळच्याच हॅम्पस्थ्वेटमधलं एक थॅकरे घराणं ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरलं आणि थेट आपल्या अंगणात आलं. बेळगावहून धारवाडला जाताना वाटेत कित्तूर लागतं. तिथल्या राणी चेन्नम्माच्या घराण्यातलं दत्तकविधान कंपनीने मानलं नाही. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे फौज घेऊन चालून आला, आणि 23 ऑक्टोबर 1824 रोजी किल्ल्यासमोर मारला गेला. त्याचा पुतण्या विल्यम मेकपीस तेव्हा तेरा वर्षांचा, इंग्लंडात शिकत होता. हा मुलगा जन्मला कलकत्त्यात, 1811 साली. पुढे तो मोठा कादंबरीकार झाला.

या कादंबरीकारावर केशव सीताराम ठाकरे, म्हणजे आपले प्रबोधनकार, लुब्ध होते. त्यांनी आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं. मला यात त्यांचा खट्याळपणाही दिसतो. आडनावं मात्र कानाला जवळची, एवढंच, मूळ निराळं. आणि गंमत बघा, प्रबोधनकारांचे वडील पनवेलकर हे आडनाव लावत. मुलाला शाळेत घालताना त्यांनी ठाकरे लावलं. म्हणजे त्या यॉर्कशरच्या थॅकऱ्यांशी आडनावाची जात जुळते ती पनवेलकरांची. दोघांचंही आडनाव गावावरून पडलेलं.