गोळी बाहेर कुठून पडते?

ही पिंपरीतली एच. ए. कॉलनी. पेनिसिलिन आपल्या देशातच तयार व्हावं म्हणून १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन शरीरात फार वेळ टिकत नाही. इंजेक्शन दिल्यावर साधारण अर्ध्या तासात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि बरंचसं औषध जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायावर या औषधाचे उपचार चालू होते. साठा इतका तुटपुंजा, की त्याच्याच लघवीतून पेनिसिलिन वेगळं काढून त्याला पुन्हा टोचलं गेलं.

गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे आपण आवर्जून विचारतो. ती शरीराबाहेर कोणत्या वाटेनं जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

१९९५ साली अमेरिकेत गॉर्डन अमिडॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडावाटे घ्यायच्या औषधांना दोन प्रश्न लावले. पाण्यात विरघळतं का? आतड्याच्या भिंतीतून सहज पार होतं का? उत्तरांप्रमाणे चार वर्ग पडले. विरघळण्याची कसोटी म्हणजे २५० मिलिलीटर, पेलाभर द्रव. औषधाची सर्वांत मोठी मात्रा त्यात पूर्ण विरघळली पाहिजे.

२००५ साली ची-युआन वू आणि लेस्ली बेनेट यांनी या मांडणीत दुसरा प्रश्न बदलला. आतड्यातून सहज पार होणारी औषधं बहुतेक वेळा यकृतात रूप बदलूनच बाहेर पडतात, हे त्यांनी दाखवलं. असं का होतं, ते पाहण्यासारखं आहे. पेशींच्या स्निग्ध आवरणातून जे औषध सहज आत शिरतं, ते मूत्रपिंडात गाळलं गेलं तरी तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या भिंतीतून तितक्याच सहज रक्तात परततं. यकृतानं त्याला पाण्यात मिसळेल असं रूप दिलं, की मगच त्याची सुटका होते. ज्यांना आतड्याची भिंत ओलांडणंच अवघड जातं, ती औषधं बहुधा न बदलता लघवीतून किंवा पित्तातून जातात.

आता सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक बाजारात या. मेटोप्रोलॉल आणि ॲटेनोलॉल, दोन्ही रक्तदाबाच्या गोळ्या, एकाच कुळातल्या. मेटोप्रोलॉलचा निकाल यकृत लावतं. तिथलं एक विकर काही माणसांत जन्मतःच मंद असतं. अशांच्या रक्तात तेवढ्याच गोळीनं औषधाचं प्रमाण कितीतरी जास्त चढतं. ॲटेनोलॉल जेमतेम निम्मंच शोषलं जातं, पण शोषलेलं जवळपास सगळं मूत्रपिंडातून तसंच बाहेर पडतं. किडनी मंदावली, की ते अंगात साठत जातं. पाकिटावर हा फरक ठळक दिसत नाही. आजी-आजोबांच्या औषधांचा डबा भरणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा, असं मनापासून वाटतं.

त्याच डब्यात बहुधा मधुमेहाची मेटफॉर्मिन असते. यकृत तिला हातही लावत नाही. ती संपूर्णपणे मूत्रपिंडावर अवलंबून आहे. म्हणूनच डॉक्टर ती सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळानं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला सांगतात. त्यावरून मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात, आणि तो मिनिटाला ३० मिलिलीटरच्या खाली गेला, तर मेटफॉर्मिन बंद करतात.