जाड मुलाचं बीपी आणि हार्मोन्सचा रिपोर्ट

[दृश्य : दंडाभोवती बीपीचा पट्टा गुंडाळला जातोय]

चौदा-पंधरा वर्षांच्या जाड मुलाचं बीपी जास्त निघालं, की घरचे लगेच विचारतात, ‘हार्मोन्सची काही गडबड?’ त्याआधी पट्टा बघा. भरलेल्या दंडाला लहान पट्टा लावला, तर आकडा उगाच चढतो. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के हवी, लांबी 80 ते 100 टक्के. मोठ्या माणसाचा पट्टा लागला तर खुशाल लावा. मुलाला पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, उजवा दंड हृदयाच्या पातळीत. वयाच्या 13 वर्षांपासून 130/80 किंवा त्याहून जास्त, तेही तीन वेगवेगळ्या भेटींत आलं, तरच तो उच्च रक्तदाब.

[दृश्य : मानेची मागची बाजू, अगदी जवळून]

हा काळपट, मखमली पट्टा. घरात तो मळ समजतात आणि दगडाने घासून घासून कातडं सोलवटतात. बहुतेक वेळा ही रक्तात इन्सुलिन वाढल्याची खूण असते. समजा रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर 90, इन्सुलिन 18 आहे. दोन्हींच्या गुणाकाराला 405 ने भागलं की उत्तर 4; शरीर इन्सुलिनला किती कमी दाद देतं, याचा हा अंदाज. या आकड्यावर लगेच आजाराचा शिक्का मारू नये. वयात येताना सडपातळ मुलांचं शरीरही इन्सुलिनला कमी दाद देतं. शिवाय नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर इन्सुलिन खोटंच कमी दिसतं.

आता बीपी चढतं कसं? साखरेच्या बाबतीत शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं, तरी मूत्रपिंडं ऐकतच राहतात आणि सोडियम धरून ठेवतात. त्यामागे पाणी आलंच. 1994 मध्ये सापडलेलं लेप्टिन हे हार्मोन चरबीच्या पेशीच बनवतात. त्याचा भूक आवरण्याचा निरोप मेंदू मनावर घेत नाही. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांना मात्र तेच लेप्टिन चेतवत राहतं. चरबीतून अँजिओटेन्सिनोजेनही येतं, म्हणजे बीपी वाढवणाऱ्या रसायनांच्या साखळीचा कच्चा माल. त्या साखळीत पुढे मीठ धरून ठेवणारं हार्मोन, अल्डोस्टेरॉन, वाढतं, आणि मीठ पुन्हा शरीरातच अडकतं.

रेनिन म्हणजे ही साखळी सुरू करणारं मूत्रपिंडातलं रसायन. रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी सरसकट करण्यात अर्थ नाही. पोटॅशियम कमी असेल किंवा औषधांनी बीपी हटत नसेल, तेव्हा ती करावी. सकाळी उठून दोन तास हिंडल्यावर, मग पाच ते पंधरा मिनिटं बसवून रक्त घ्यायचं. नळी बर्फात ठेवायची नाही. थंडीने प्रोरेनिन, म्हणजे रेनिनचं निष्क्रिय रूप, सक्रिय होतं, रेनिन खोटं वाढतं आणि अल्डोस्टेरॉनचा खरा आजार, ज्यात रेनिन कमी असतं, निसटतो.

थायरॉइडला चालना देणारं टीएसएच 6 आणि थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन टी-फोर व्यवस्थित असेल, तर टीएसएच बहुधा लठ्ठपणामुळेच वाढलेलं असतं. थायरॉइडच्या गोळीने असं मूल बारीक होत नाही.

राहिला कॉर्टिसोल, ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन. त्याचा संशय घेण्याआधी उंची मोजा. नुसत्या खाण्याने जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं; कुशिंगच्या आजारात, म्हणजे कॉर्टिसोल फार वाढल्यावर, वजन वाढतं आणि उंची अडते. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या जुन्या कार्डांवर दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी सापडतात, त्या मागवून घ्या.